मालक येईपर्यंत

एका गावात लुथरन मिशनची प्राथमिक शाळा होती आणि त्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव बर्णबा वैराळ. अंगाने रेड्यासारखा, मनाने वासरासारखा. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. तीच पंचाईत होती.

शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे. मुलगे जात, मुली घरी बसत. बर्णबाची शलोमी यंदा चौथीत होती. जूनपासून इथंच पाचवी निघणार, अशी बोलणी चालली होती. पण मिशनचे अध्यक्ष स्वतः येऊन शाळा बघणार, आणि पसंत पडली तरच पाचवी देणार.

म्हणून हेडबाई रणपिसेबाईंनी झाडलोट काढली. बर्णबा अंगण झाडू लागला. मुलं प्रार्थनेला उभी राहिली तरी झाडतच राहिला. मुलांच्या नाकातोंडात धूळ गेली. शेवटी आमेन म्हणायच्या ऐवजी सगळी शिंकली.

बाई म्हणाल्या, "बर्णबा, प्रार्थना सुरू झाली की हातात असेल ते सोडायचं आणि डोळे मिटायचे."

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी तो आणि पाळक उमापसाहेब चर्चमधली बाजाची पेटी शाळेत आणत होते. पायरीपाशी आले तोच आत प्रार्थना सुरू झाली. बर्णबाने हात सोडले आणि डोळे मिटले. पेटी पाळकसाहेबांच्या पायावर बसली. पाळकसाहेब जे बोलले ते चर्चमध्ये कधी कोणी ऐकलं नव्हतं. मुलांनी प्रार्थना थांबवून ते नीट ऐकून घेतलं.

मग पाळकसाहेब म्हणाले, "गाढवा, धरलेली वस्तू तिच्या जागेवर पोचेपर्यंत सोडायची नसते."

"बरं, साहेब."

पुढे कुंपणाच्या भगदाडातून एक बोकड आत शिरला आणि पाहुण्यांसाठी लावलेल्या पताका खाऊ लागला. बर्णबाने त्याचा मागचा पाय धरला. बोकड पळाला. बर्णबा सोडेना. बोकडाने त्याला उकिरड्यावरून नेलं, लोहाराच्या अंगणातून नेलं आणि आपल्या गोठ्यात आणून उभं केलं.

"पोचला जागेवर," बर्णबा म्हणाला आणि त्याने पाय सोडला. त्याची विजार वाटेत कुठंतरी राहिली होती.

शलोमी म्हणाली, "बाबा, तुम्ही थोडे दिवस घरीच बसा. नाहीतर मला कायमचं बसावं लागेल."

पण शिपाई एकच. बाईंनी त्याला समोर उभं केलं.

"नीट ऐक. कुंपणातून कोणी आत शिरलं तर त्याच्या मागे धावायचं नाही. झाडाला बांधायचं. पाणी दाखवायचं, चारा टाकायचा. मालक कोण त्याची चौकशी करायची. मालक स्वतः आला की दहा रुपये दंड घेऊन सोडायचं. दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यायचं नाही."

"बरं, बाई."

अध्यक्षांचा दिवस उजाडला. बाई, पाळक, मुलं, मंडळी, सगळे हार आणि ढोल घेऊन गाडीच्या रस्त्यावर गेले. बर्णबाने फाटकाला कुलूप लावलं आणि राखण करत बसला.

अध्यक्षांना मात्र शाळा अचानक बघायची होती. ते गाडी अलीकडेच सोडून शेतातून चालत आले. फाटक बंद दिसलं, म्हणून कुंपणाच्या भगदाडातून आत शिरले.

बर्णबाने दोर उचलला. "तुमचा मालक कोण?"

अध्यक्षांनी बोट आभाळाकडे केलं. "आपल्या सगळ्यांचा मालक एकच, बाबा. तो वर आहे."

"ते माहीत आहे. रविवारी ऐकतो. येणार आहे म्हणतात."

"येणार. नक्की येणार."

"मग तो येईपर्यंत थांबा," असं म्हणून बर्णबाने त्यांना कडुनिंबाला बांधलं.

"अरे, मी अध्यक्ष आहे."

"असाल. मला मालक कोण तेवढंच विचारायला सांगितलंय."

अध्यक्षांनी हाका मारल्या. रस्त्यावर ढोल वाजत होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मंडळी वाट बघून परतली. झाडाखालचा देखावा पाहून बाई पायरीवरच बसल्या.

बर्णबा म्हणाला, "कुंपणातून शिरले, बाई. बांधलंय. पाणी प्याले. चारा टाकला, पण तोंड लावत नाहीत."

पाळकसाहेब लंगडत पुढे आले. "सोड त्यांना. मी मालकाचाच सेवक आहे."

"सेवक चालत नाही. मालक स्वतः पाहिजे."

"बाबा, सोडा त्यांना," शलोमी रडकुंडीला आली. "माझी पाचवी गेली."

अध्यक्षांचं टक्कल तापलं होतं. "कसली पाचवी?"

"पोरीला पाचवी हवी आहे," बर्णबा म्हणाला. "पण ती देणार कोण?"

"मी देणार. दिली. सगळ्या मंडळीसमोर सांगतो, जूनपासून पाचवी. या शाळेचा मालक मीच आहे. आता तरी सोड."

सकाळी मालक वर होता. दुपारपर्यंत खाली उतरला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. शलोमीने डोळे पुसले.

बर्णबाने दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि अध्यक्षांपुढे हात पसरला.

"मालक, दहा रुपये दंड. आणि पुन्हा जनावर मोकळं सोडू नका."