दुसऱ्या कथेतून आलेला अरिंजय

एका राज्यात, जिथे वाघ पालखीत बसून हिंडत आणि राजे पायी चालत, वेशीवर एक धनेश पक्षी नाकेदार होता. एके सकाळी त्याच्यासमोर वीर अरिंजय येऊन उभा ठाकला.

हा अरिंजय म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. शेजारच्या कथेत त्याने दैत्य लोळवले होते, डोंगर नांगरला होता, ढगांना वेसण घातली होती. पण ती कथा संपली. राजकन्येचं लग्न झालं, तेही दुसऱ्याशीच! सूत्रधाराने पट गुंडाळला, फासे पिशवीत टाकले आणि तो जेवायला निघून गेला. वीर तेवढा उरला. आणि संपलेल्या कथेतल्या वीराचं हळूहळू धुकं होतं. अरिंजयच्या पायांची बोटं तर धुकं झालीही होती.

"वीराला प्रवेश आहे," धनेश म्हणाला, "सामानाला नाही."

"ही वज्राची तलवार आहे. हिने मी—"

"ठेव खाली."

"हे उडते जोडे—"

"काढ. इथे सगळे पहिल्या पायरीपासून चढतात."

"आणि माझा पराक्रम?"

"तो इथे कुणी ऐकलेला नाही. नेलास तर ओझंच."

अनवाणी अरिंजयला धनेशाने तीन कामं सांगितली. अस्वलाच्या विहिरीचं पाणी आणायचं. वेलींचा पूल ओलांडायचा. ते पाणी शिंपडून पलीकडच्या गुहेचं दार उघडायचं आणि आत अडकलेल्या राजाला सोडवायचं.

"ती गुहा मांत्रिक धूम्रकेशाने शापली आहे," धनेश म्हणाला. "निरोप घेतल्याशिवाय तिथून पाऊल उचलत नाही, आणि निरोप घेतला की दार मिटतं. आणखी एक. इथल्या कुणीतरी तुला आपलं मानलं पाहिजे. नाहीतर धुकं."

अरिंजय विहिरीशी गेला. अस्वल काठावर अंग खाजवत बसलं होतं.

"बाजूला हो!" अरिंजय गरजला. "मी सप्तदैत्यमर्दन, गिरिनांगरक, मेघवेसणकर!"

"कोण?" अस्वलाने विचारलं.

त्याने पुन्हा सांगितलं. अस्वलाला एवढं हसू लोटलं की ते पोट धरून उतारावरून गडगडत खाली गेलं. "मेघवेसणकर! अगं आई गं!" असं त्याचं ओरडणं खालून ऐकू येत राहिलं. अरिंजयने मुकाट्याने पाणी भरून घेतलं. तोवर धुकं घोट्यांवर आलं होतं.

पुढे दरी, दरीवर पूल. पाऊल ठेवताच वेली सैल पडल्या.

"काहीतरी खरं सांग," पूल म्हणाला. "मी खऱ्यावर तगतो."

अरिंजयने दैत्य सांगितले. वेली आणखी लोंबल्या.

"अरे, खोटं नाही हे!"

"नसेल. पण ते तिकडचं. मला इथलं सांग."

अरिंजय थोडा घुटमळला. मग खाली मान घालून म्हणाला, "आज एक अस्वल मला हसलं. मला फार लागलं ते."

पूल ताठ झाला. शिवाय अस्वलाच्या गोष्टीने पुलाला गुदगुल्या झाल्या, त्या वेगळ्याच.

गुहेचं दार पाणी शिंपडताच उघडलं. आत रत्नांच्या ढिगाऱ्यावर राजा गाल फुगवून बसला होता आणि एक म्हातारा नाग राखण करत होता. राजा अरिंजयला पाहताच ओरडला, "आता तरी सोड! नागा, जातो मी!"

दार धाडकन मिटलं.

"रोज हेच," नाग म्हणाला. "येतात, जातो म्हणतात, अडकतात. मला तरी कुठे हौस आहे?"

अरिंजयने जरा वेळ नागाशी गप्पा मारल्या. म्हाताऱ्याला कुणी बोलायला नव्हतं. मग वेळ झाली तसा तो उठला, आणि त्याच्या मूळच्या कथेत जसं सगळेच म्हणत तसं सवयीने म्हणाला, "बरंय नागोबा, येतो हं."

"येतो?" नागाने फणा वाकडा केला. "जातोयस की येतोयस?"

"जातोच आहे. पण येतो म्हणायचं. म्हणजे परत यायचं."

नाग विचारात पडला. दारही विचारात पडलं. परत यायचं म्हणतोय, तर याच्यासाठी उघडं राहायला नको? ते किरकिरलं, उघडलं, आणि शाप तिथेच मोडला. रत्नांचे बेडूक होऊन टुणटुण बाहेर गेले. तिकडे धूम्रकेशाच्या दाढीने पेट घेतला. तो अजून विझवतोच आहे.

राजा बाणासारखा सुटला.

"महाराज, मी अरिंजय—"

"असेल, असेल!" म्हणत राजा राणीकडे पळाला. महालात नगारे झडले. सोडवणाऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

धुकं छातीशी आलं. धनेश उडत आला. "कुणी मानलं नाही ना? चल लवकर, पलीकडे नव्या कथेची वेस उघडली आहे. धावलास तर पोचशील."

"आधी गुहेत जाऊन येतो."

"वेडा आहेस? त्यात वेळ जाईल, तूही जाशील!"

"म्हातारा वाट बघत असेल. येतो म्हणालोय मी."

गळ्याशी धुकं घेऊन तो गुहेत पोचला. नागाने शेपटीने गुहा झाडून घेतली होती, दोन द्रोणांत दूधही काढून ठेवलं होतं.

"उशीर केलास," नाग फुरंगटून म्हणाला आणि वेटोळं सरकवून त्याने बसायला जागा केली.

अरिंजय बसला. मांडी घालताना त्याच्या ध्यानात आलं, की घालायला मांडी आहे. खाली पाय होते, चांगले धुळीने माखलेले, बोटांसकट.

त्या राज्यात तेव्हापासून कुणी जातो म्हणत नाही. ऐकणाऱ्यांनो, तुम्ही कुणाकुणाला येतो म्हणून गेला नाहीत ते आठवा, आणि पाय जागेवर आहेत ना, तेवढं बघून घ्या.