काबरी आत जाईना

फार वर्षांमागे एका डोंगरवाडीत भिवबाने गोठ्यातून करडाच्या खोकल्याचा बारीक आवाज ऐकला. पावसाने गोठ्याची जमीन ओलीचिंब झाली होती. संध्याकाळी करडाची आई, काबरी शेळी, पिलाला घेऊन दारातच पाय रोवून उभी राहिली.

“चल गं आत,” भिवबाने दावं ओढलं.

“नाही यायची,” काबरी म्हणाली. “आधी ओलीपासून वर, बांबूची उंच माच बांधा.”

आतून म्हैस हसली, “नखरे बघा बाईचे! ओल म्हणजे कशी गार गादी.”

“तुला गादी, म्हशीबाई. माझं पोर त्या ओलीनं मरायला टेकलंय.”

भिवबाने काठी उगारली.

“मारा, धनी. नाहीतर आज तुम्ही निजा तिथं.”

भिवबाने वाकून जमिनीला तळहात लावला. हात गारठला. मग काठी टाकून, कोयता उचलून तो बांबूच्या बेटाकडे निघून गेला.