पिवळा ठिपका

माळावरच्या एका गावात एक मिस्त्री राहत होता. त्याचं नाव गुलाब आणि त्याच्या बायकोचं नाव शेवंता. नावं ऐकून गाव लग्नापासून हसत आलं होतं, कारण गुलाब अंगानं दांडगा आणि कायम ऑइलनं माखलेला, तर शेवंता बारकी, तिखट आणि ट्रॅक्टर चालवण्यात तालुक्यात कुणाला हार न जाणारी. फुलासारखं त्या घरात काहीच नव्हतं.

गुलाब शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं. पण माणसाला स्वतःचं बरं चाललेलं फार दिवस बघवत नाही. जमिनीवर सगळ्यांत वेगानं धावणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, आणि घरी बांधलेल्या डिझेल गाड्यांसाठी तिच्याकडे वेगळी नोंद असते, असं त्याच्या कानावर आलं. झालं! त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं.

मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन आलं. पाइप जोडून सांगाडा झाला. त्यावर पत्रा ठोकला. गाडी लांबलचक, बुटकी आणि पुढून निमुळती झाली. सुरू केली की शेजारच्या गावापर्यंत घुमायची. दोन फुलांच्या घरात भुंगा शिरला, असं कुणीतरी म्हणालं आणि गाडीचं नाव भुंगा पडलं. सगळं झाल्यावर लक्षात आलं की मिस्त्री स्वतः तिच्यात मावत नाही. शेवंता म्हणाली, "व्हा बाजूला," आणि जाऊन बसली.

वेग म्हटला की लोकांना धूळ, आवाज आणि शिट्ट्या आठवतात. खरं तर वेगाइतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल. उघडायचं, बघायचं, घासायचं, बसवायचं, कसायचं. चाचणीत कुठं काही खडखडलं की पुन्हा सगळं उघडायचं. यातच वर्षं गेली. गुलाबचा उजवा खांदा धरला तो धरलाच. शेवंता दिवसभर लोकांची शेतं नांगरून यायची आणि भाकरी खाऊन झाली की पत्रा धरायला उभी राहायची. दोघांचं बोलणं आटत आटत पाना, नट आणि डिझेल एवढ्यावर आलं. भांडायला लागतं तेवढं त्राणही अंगात उरत नसे. कशासाठी चाललंय हे, असं दोघांच्याही मनात यायचं. पण ते बोलून दाखवायलासुद्धा जोर लागतो.

या कामात गुलाबचा एक नियम होता. नट पान्यानं पुरता कसला, की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. कसल्याशिवाय ठिपका नाही. म्हणजे कुणीही पाहिलं तरी कळावं की हे काम झालंय.

शेवंताचाही एक नियम होता. गाडीत बसली की ती विचारायची, "समदं कसलंय न्हवं?"

गुलाब म्हणायचा, "कसलंय."

मग ती हेल्मेट चढवायची. दोघांत अबोला असला तरी एवढं बोलणं व्हायचंच.

विचारायला कारणही तसंच होतं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, नेमका तिच्या बैठकीखालून जात होता. तो आठ नटांवर धरलेला होता. भर वेगात ते नट सुटले तर शाफ्ट पत्रा फाडून वर येणार, आणि वर शेवंता बसलेली. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या आठ नटांचं नाव कुणी काढत नसे.

अखेर दिवस ठरला. लांबच्या माळावर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. ती एका सकाळपुरती मिळाली. संस्थेचे निरीक्षक वेळ मोजायची यंत्रं घेऊन येणार होते. गाडीनं एकदा जायचं आणि तासाभरात उलट्या दिशेनं परत यायचं. दोन्ही वेगांची सरासरी धरायची. ऊन चढलं की माळावर वारा सुटतो आणि वाऱ्यात झालेली धाव मोजत नाहीत. म्हणून जे काय व्हायचं ते सकाळीच.

आदल्या दुपारी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण खुद्द गुलाबलाच ते नीट आठवत नव्हतं. तो बैठक काढून आत वाकला होता. उन्हानं पत्रा तापला होता. डब्यातला रंगही घट्ट होत चालला होता. रंग वाळायच्या आत आधी ठिपके देऊन टाकू, मग पाना लावू, असा विचार मनात आल्याचं त्याला आठवत होतं. कसणारा मीच आणि ठिपका देणाराही मीच, मग आधी काय आणि मागून काय! तेवढ्यात गाडी न्यायला ट्रक आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला. गुलाब बाहेर गेला, परत आला. नंतर कधीतरी त्यानं आत पाहिलं तेव्हा आठही नटांवर पिवळे ठिपके होते. त्यानं पत्रा बसवला, तोडल्याशिवाय न निघणारे रिव्हेट मारले, वर बैठक जोडली आणि भुंगा ट्रकवर चढवला.

सकाळी धावपट्टीवर सगळं गाव हजर होतं. सरपंच हार घेऊन आले होते. पेढ्यांचा खोका आला होता. निरीक्षकांनी यंत्रं लावली आणि हात वर करून तयारी झाल्याची खूण केली. शेवंता गाडीत बसली. हेल्मेट मांडीवर घेऊन तिनं नेहमीसारखं विचारलं, "समदं कसलंय न्हवं?"

गुलाबनं तोंड उघडलं. आणि त्याला आदली दुपार आठवली.

ब्रश हातात धरल्याचं त्याला आठवत होतं. पाना हातात धरल्याचं आठवत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, त्याला विक्रमाचा मोह पडला असेल, चारचौघांत हसं होण्याची भीती वाटली असेल. तेही थोडं होतंच. पण त्याला खरा मोह पडला तो वेगळाच. गाडी पुन्हा न उघडण्याचा. बैठक काढायची, रिव्हेट एकेक करून तोडायचे, पत्रा उचलायचा, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याचा खांदा आधीच ठणकायला लागला. 'कसलंय' म्हटलं की सुटलो. एका शब्दाचं काम. आणि नट कसलेलेच असणार, अशी त्याची नव्वद टक्के खात्रीही होती. माणूस पुरता दमलेला असला की उरलेले दहा टक्के त्याला फार छोटे वाटतात.

त्यानं शेवंताकडं पाहिलं. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती उत्तराची वाट पाहत होती.

"मला आठवंना," गुलाब म्हणाला.

"काय आठवंना?"

"शाफ्टचं नट. ठिपकं हाईत. पर आधी कसलं का नुसतंच ठिपकं दिलं, ते आठवंना."

शेवंता हेल्मेट बाजूला ठेवून गाडीतून उतरली.

"मग उघडा," ती म्हणाली.

सरपंच हार सांभाळत पुढं आले. "अवो मिस्त्री, ठिपका हाय म्हंजी कसलेला असंलच की! एवढ्या लोकांत काय लावलंय हे?"

"असंल बी, नसंल बी," गुलाब म्हणाला. "पर वर बसायचं तिला हाय."

निरीक्षकांनी विचारलं, "वारा सुटायच्या आत उघडून बंद होईल?"

"न्हाई हुणार, साहेब."

"मग आज राहू द्या," ते म्हणाले आणि तारा गुंडाळायला लागले. त्यांनी दोष दिला नाही आणि कौतुकही केलं नाही. गुलाबला वाटलं, यांनी निदान ओरडावं तरी.

माणसं हळूहळू पांगली. पेढे लहान पोरांनी संपवले. वारा सुटला, धूळ उडायला लागली आणि त्या धुळीत नवराबायको रिव्हेट तोडत बसली. पत्रा उचलला. गुलाबनं पहिल्या नटाला पाना लावला.

इथं ऐकणाऱ्याला वाटतं की आठांतला एक तरी नट ढिला निघणार. निघाला असता तर गोष्ट सांगायला मलाही सोपं गेलं असतं. पण निघाला नाही. आठच्या आठ नट घट्ट होते. दमलेल्या हातांनी आपलं काम चोख केलं होतं. डोकं तेवढं मागं राहिलं होतं.

परतताना दोघं ट्रकच्या मागच्या बाजूला भुंग्याशेजारी बसली.

"मला वाटत हुतं, एक तरी ढिला निघावा," शेवंता म्हणाली.

"मलाबी," गुलाब म्हणाला.

दोघांना हसू आलं. फार नाही, दमलेल्या माणसांना येतं तेवढं. मग शेवंतानं भुंग्याच्या चाकाला डोकं टेकलं आणि तिला गाढ झोप लागली. गाव येईपर्यंत ती जागी झाली नाही.

गावानं मात्र वर्षभर पिच्छा पुरवला. गुलाब हॉटेलात गेला की कुणी ना कुणी विचारायचं, "मिस्त्री, चहात साखर घातली का, आठवतंय का?" गुलाब मुकाट्यानं चहा पिऊन निघून यायचा. त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. गाडी बांधायला गेलेली वर्षं लोक विसरले होते आणि न आठवलेले आठ नट मात्र सगळ्यांच्या लक्षात होते.

पुढच्या वर्षी धावपट्टी पुन्हा एका सकाळपुरती मिळाली. या खेपेला हार नव्हते आणि पेढेही नव्हते. निरीक्षकांनी हात वर केला. शेवंता गाडीत बसली आणि तिनं सरळ हेल्मेट चढवलं. काही विचारलं नाही.

गुलाब थांबला. ती विचारेल म्हणून त्यानं वाट पाहिली. मग त्याला राहवेना. खाली वाकून तो म्हणाला, "समदं कसलंय. दोनदा कसलंय."

"मी इचारलं का?" शेवंता म्हणाली, आणि तिनं इंजिन सुरू केलं.

त्या दिवशी विक्रम झाला. पुढं तो दुसऱ्या कुणीतरी मोडला, कारण विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. भुंगा आता गुलाबच्या छपराखाली उभा असतो आणि त्याच्यावर कोंबड्या बसतात. शेवंतानं मात्र नवऱ्याला तो प्रश्न परत कधी विचारला नाही.

तात्पर्य: लोभी माणसापेक्षा दमलेला माणूस सहज खोटं बोलून जातो. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, त्यानं आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच सांगावं. नट घट्ट निघाले तरी ते सांगणं वाया जात नाही.