खांद्याखाली उतरलेली व्हिस्की

फार मागे कधीतरी, स्कॉटलंडात व्हिस्कीची पारख शिकून एक काचेची पेली जुन्या बाटल्या जमवणाऱ्या कारखानिसांच्या कपाटात परतली. तिथल्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाटल्या ऐटीत गप्पा ठोकत असतील, असं तिला वाटलं होतं. पण सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या, कारण सर्वांत जुन्या बाटलीतली, म्हणजे आजींची, व्हिस्कीची पातळी बाटलीच्या गळ्यावरून खांद्याखाली उतरली होती.

"आजी, कोण प्यायलं?" पेलीने विचारलं.

"कुणी नाही गं. माझं बूच वाळलंय. थोडी थोडी उडून जाते."

"मग मालक तुम्हाला उघडत का नाहीत?"

"उघडलं तर आजी संपतील ना!" शेजारची बाटली फणकारली. "चार बुकं शिकलीस म्हणून त्यांना संपवायला आलीस होय?"

"अहो, त्या न उघडताही संपताहेत! आणि त्या काय आहेत, हे कुणाला कळलंसुद्धा नाही!"

आजी हसल्या. तेवढ्यात बुचाच्या फटीतून एक झुळूक पेलीत उतरली. तिच्यात धूर होता, समुद्राचा खारा वारा होता, केव्हाच कापलं गेलेलं जवाचं शेत होतं. पेली थरारली.

"आजी, एवढं सगळं तुमच्यात आहे?"

फणकारणारी बाटलीही तो वास घ्यायला पुढे झुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखानीस नेहमीप्रमाणे धूळ पुसायला आले. त्यांचा हात लागताच, इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलेलं बूच आजींनी सोडून दिलं.