काचेतला दर्या

“उस्ताद, मासे जगतात, आणि पोवळीच का मरतात?”

असं विचारणारा हर्णै बंदरात एक हरेश्वर चोगले होता. त्याची म्हातारी आई होती धुरपता, बायको होती सुगंधा. आणि ज्याला विचारलं तो होता दाभोळचा अब्बास तांडेल. तरुणपणी त्याने गलबतं हाकली, म्हातारपणी काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याची बाग राखली. त्या किनाऱ्याला ज्याने कुणी घरात समुद्र पाळला, तो त्याच्याच हाताखाली शिकला. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

हरेश्वरही त्याचाच चेला. पण चेल्याचं शिकून झालं की त्याला वाटतंच, आता गुरूला विचारायचं उरलं काय? चांगलं गळ्याशी आलं तेव्हा दाभोळला गेला.

संकटही तसंच होतं. धुरपताआई पडली, मांडीचं हाड मोडलं. जन्मभर दर्याकडे बघून चूल पेटवलेली बाई, खाटेला खिळली. तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. लेक म्हणाला, “आई दर्यावर जात नाही, तर दर्या आईकडे येईल.” खाटेसमोर टाकी मांडली. तीत रंगीत मासे सोडले आणि पोवळी लावली. अंगठीतली पोवळी नव्हेत हो, जिवंत. फुलासारखी उमलतात, भ्याली की मिटतात.

आई भिंतीकडून वळली. मग बसती झाली. मग काठी धरून चालू लागली.

आणि ती चालू लागली त्याच सुमाराला पोवळी मिटायला लागली. एकेकाचा रंग गेला, मांस झडलं, पांढरी हाडं उरली.

“मी उठले ते दर्याला रुचलं नाही,” आई म्हणाली. ताटावरून उठू लागली. लुगडं अंगावर राहीना इतकी वाळली. पोवळी गेली तर तीही जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

उस्ताद आला. आई परसात होती तेव्हा टाकीपुढे पाट घेऊन बसला.

“काय काय पाहिलंस?”

“सगळं. मीठ मोजलं, ऊन-थंड मोजलं, दिवा बदलला. तो निळा मासा चावतो असं वाटलं, म्हणून त्याला बादलीत टाकला.”

“मग?”

“तरी मरतात.”

“मग त्या निळ्याला अजून बादलीत का ठेवलायस?”

सुगंधा दारातून म्हणाली, “पकडलेला चोर सुटला तर पोलिसाची लाज जाते, उस्ताद.”

उस्ताद हसला. स्वतः उठला आणि मासा परत टाकीत सोडला. मग पुष्कळ वेळ नुसता बघत राहिला…

“गोगलगाई कुठायत?”

“मेल्या.”

“कोळंब्या?”

“त्याही.”

“ज्यांच्या अंगात काटा आहे ते जगले,” उस्ताद म्हणाला. “बिनकाट्याचे गेले… पाणी आटतं का रे?”

इथे हरेश्वरची छाती फुगली. “अजिबात नाही! इतरांच्या टाकीत रोज तांब्याभर गोडं पाणी वरून घालावं लागतं. मी झाकणच असं बसवलंय की थेंब कमी होत नाही.”

“झाकण चांगलं आहे,” उस्ताद म्हणाला. “सकाळी तू कुठे असतोस?”

“धक्क्यावर. मासळीच्या लिलावाला.”

“उद्या जाऊ नकोस. इथे माझ्याशेजारी बस. आणि काही झालं तरी तोंड उघडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघे अंधाऱ्या कोपऱ्यात बसले. आतून काठीचा आवाज आला. धुरपताआई आली. अंघोळ झालेली, केस ओले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्याचा गडू, रात्रभर भरून ठेवलेला. टाकीपुढे उभी राहिली. झाकण सरकवलं.

“दर्यादेवा, माझं पोर तुझ्या अंगावर खेळतं. त्याला संभाळ. माझ्यावर राग असला तर माझ्यावरच काढ.”

आणि गडू ओतला. पुन्हा आत गेली, रात्रीचाच भरलेला दुसरा आणला, तोही ओतला.

हरेश्वर उठायला गेला. उस्तादाने त्याचं मनगट धरलं.

“होडीच्या बुडाला काय लावतोस?” कानाशी विचारलं.

“रंग.”

“कसला?”

“…तांब्याचा.”

“कशाला?”

“शिंपल्या, कालवं चिकटू नयेत म्हणून. तांब्याने ती मर…”

त्याने आईच्या हातातल्या गडूकडे पाहिलं.

म्हणजे बघा, तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी माणसाला अमृत, ते पोवळ्याला वीख. टाकी भरलेली राही ती झाकणाने नव्हे, गडूने; थोडं थोडं करून रोज चाललं होतं. पोवळं मेलं की आई जास्त कळवळायची. कळवळली की आणखी एक गडू.

“सांगतो तिला,” हरेश्वर दबक्या आवाजात म्हणाला.

“काय सांगशील? तुझ्या हाताने दर्या मेला, असं?”

हरेश्वरचा चेहरा पडला. खरं बोलावं तर आई जाते. न बोलावं तर पोवळी जातात, आणि त्यांच्या मागून आई.

उस्ताद उठून पुढे गेला. “सलाम, धुरपताबाय.”

“अगो बाई! तांडेलभाऊ, एवढ्या पहाटे उठलात? चहा तरी…”

“चहा मग. एक विचारू? तुम्हा लोकांचं मला नीट ठाऊक नाही. नारळी पुनवेला दर्याला काय देता?”

“नारळ. हे काय विचारणं झालं? उभा जन्म दर्यावर काढलात ना?”

“तांबं-पितळ काही देता?”

“छट्! धातू कोण देईल त्याला? बुडालेल्या गलबतांचं लोखंड काय कमी आहे त्याच्या पोटात? तो नारळाचा मानकरी…”

बोलता बोलता ती थांबली. हातातल्या गडूकडे बघितलं. टाकीकडे बघितलं. पुन्हा गडूकडे…

टाकीतला बुडबुड्यांचा आवाज तेवढा येत होता.

मग तिने गडू खाटेखाली ठेवला. “सुगंधा, नारळ फोडलास की एक करवंटी मला दे गो. चांगली घासून.”

“देते, आत्याबाई.”

“आणि पाणी मातीच्या मडक्यातलं घेईन उद्यापासून.”

“ह्याच्या पाणी गाळायच्या यंत्रातलं घ्या,” उस्ताद म्हणाला. “करवंटीनेच घाला. रोज एकच. पाणी आटतं तेवढंच त्याला हवं असतं.”

“एकच? लेकराचा नवस आहे हो तो.”

“दर्याला कान दोनच, बाय. पण ऐकायला एक पुरतो.”

धुरपता हसली. कितीतरी महिन्यांनी.

हरेश्वरने टाकीतलं पाणी थोडं थोडं काढून नवं भरलं. उस्तादाने सांगितल्याप्रमाणे तांबं शोषून घ्यायला कोळशाची पुरचुंडी सोडली. बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी कोपऱ्यातलं जांभळं पोवळं, जे मेलं म्हणून काढायचं होतं पण राहून गेलं होतं, त्याने एक बोट बाहेर काढलं. मग दुसरं. “बघा बघा, आळस देतंय!” सुगंधा ओरडली. त्या दिवशी आईने भात मागून घेतला.

श्रावण येता येता टाकी फुलून गेली. शेजारपाजारची पोरं बघायला येत. आणि नारळी पुनवेला धुरपताआई सुनेच्या खांद्याला धरून, काठी टेकत, खुद्द दर्यावर गेली. पाण्यात पाय बुडवून नारळ दिला. सगळा कोळीवाडा बघत होता. अशी बरकत त्या घराला आली.

उस्तादही आला होता त्या दिवशी. घरी परतल्यावर हरेश्वर त्याच्या पाया पडला. गडी मनाने मोठा, पण खोड जाता जात नाही. म्हणाला, “उस्ताद, एक युक्ती सुचलीय. यंत्रातलं पाणी तेच, करवंटीतलं पाणीही तेच. मग म्हाताऱ्या आईने रोज पहाटे उठायचं कशाला? मी नळी लावतो. आटलं की आपोआप भरेल.”

उस्ताद टाकीकडे बघत राहिला. पोवळी उमलत होती…

“लाव. फक्त लावण्याआधी दर्याला सांगून ये, उद्यापासून माझ्यासाठी तुझ्याकडे कुणी काही मागणार नाही.”