ओल्या कापसाचा भरवसा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज त्याच्या वंशजांनाही सांगता येणार नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक लहान माणसं करत नाहीत.

एका नदीच्या खोऱ्यात बारा गावं होती. बारा गावांत मिळून एक घर होतं, त्याला लोक सांधणघर म्हणत. कुठल्या देवळातलं चित्र काजळलं, कुठल्या मूर्तीचा हात निखळला, कुठला कापडावर रंगवलेला जुना पट कसरीने खाल्ला, की ते सगळं तिथे यायचं. सांधणघर मजुरी घेत नसे. सुगीत प्रत्येक गाव धान्य पाठवी आणि त्यावर तिथली पाच-सहा माणसं जगत.

या घराची थोरली एक बाई होती. हाताने हलकी, स्वभावाने कडक. काडीला कापूस गुंडाळायचा, तो ओला करायचा आणि काजळी टिपत राहायचं. दिवसभरात नखाएवढी जागा स्वच्छ झाली तरी ती खूश असे. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणणाऱ्यांना ती दारातूनच परत पाठवी.

तिचे नियम दोनच होते. जे गेलं ते गेलं, तिथे आपल्या मनाचं काही भरायचं नाही. आणि कुठे जोड द्यावाच लागला, तर तो ओल्या कापसाने पुसता यावा असाच द्यायचा. “आपण चुकू शकतो,” ती म्हणे, “म्हणून आपलं काम पुसता आलं पाहिजे.” अशा कामामुळे बारा गावांत सांधणघराचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला होता.

एके दिवशी एका गावची रंगवलेली लाकडी फळी तिच्याकडे आली. त्या गावचं तळं कसं खणलं गेलं, ते त्या फळीवर होतं. गावचा रिवाज असा, की ज्या घराण्याने पहिली कुदळ मारली, त्याने उन्हाळ्यात पहिलं पाणी भरायचं. पहिली कुदळ दगडफोड्यांच्या एका बाईने मारली, असं म्हातारीकोतारी सांगत. पण फळीवर कुदळ मारणाऱ्याचं तोंड आणि छाती वाळवीने खाल्ली होती. उरले होते फक्त पाय, तेही काजळीखाली.

थोरलीने महिनाभर खपून ती काजळी काढली. पायांच्या बोटांत जोडवी दिसली.

दगडफोड्यांची एक म्हातारी रोज येऊन अंगणात बसायची. तिने विचारलं, “बाई, माज्या आजीच्या आजीचं त्वांड गावलं का?”

“तोंड नाही उरलं, मावशी. पण पायात जोडवी आहेत. बाईच आहे ती.”

म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी गावचा पाटील आला. त्याचा उसाचा मळा तळ्याकाठीच होता आणि उन्हाळा आला की दगडफोड्यांचे हंडे त्याच्या डोळ्यांत खुपत. तो म्हणाला, “थोरल्या बाई, तिथं आमच्या मूळपुरुषाचं तोंड काढा. फेटा, मिशा, सगळं रुबाबदार येऊ द्या.”

“पायात जोडवी आहेत, पाटील.”

“मग झाका की! रंगाला काय तोटा आहे तुमच्याकडं?”

तिने नकार दिला. पाटील हसून निघून गेला. असली माणसं हसून निघून जातात, तेव्हाच जपायचं असतं.

सुगी आली, पण धान्याची एकही गाडी आली नाही. पाटील गावोगाव सांगत फिरला होता, “वर्षवर्ष लावतात आणि अर्धवट चित्र परत देतात. यांना पोसायचं कशाला?” नव्याकोऱ्या चित्रांची हौस सगळ्यांनाच होती. अकरा गावांनी माना डोलावल्या.

इकडे सांधणघरात अकरा कामं उघडी पडली होती. एका पटाचे रंग पापुद्रे होऊन सुटले होते, ते नुसते कागद लावून धरले होते. घर बंद पडलं असतं, तर त्याचा भुगा झाला असता. थोरली त्या पटाकडे पाहत बसली. एका खोट्यावर अकरा खरी वाचतील, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिला तिच्याच नियमात पळवाट सापडली. चित्रावर डिंकाचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर रंगवायचं. खालच्या जोडव्यांना धक्काही लागणार नाही. उद्या ओला कापूस फिरवला की सगळं साफ. पुसता येणारच आहे, मग बिघडलं कुठे?

शहाण्या माणसाला फसवायला दुसरा माणूस लागत नाही, तो आपला आपणच पुरतो.

तिने फेटा रंगवला, मिशा रंगवल्या, जोडव्यांवर पुरुषी जोडे रंगवले. धान्याच्या गाड्या सुरू झाल्या. म्हातारी आली आणि फळी पाहून रडू लागली.

“मावशी, रडू नका,” थोरली म्हणाली. “हा रंग कच्चा आहे. पाटील थकलाय. तो गेला की मी स्वतः येऊन पुसून टाकीन.”

म्हातारी म्हणाली, “तवर आमी पानी कुटलं प्यावं?”

थोरलीने फळीवर कापड ओढलं.

फळी देवळात लागली. त्या उन्हाळ्यात पहिलं पाणी पाटलाच्या मळ्याला गेलं. पुढच्या उन्हाळ्यात दगडफोड्यांना तळ्यावर येऊच दिलं नाही. ते ओढ्यातल्या डबक्याचं पाणी प्यायले. त्यांची तीन लेकरं हगवणीने गेली आणि त्यांच्यामागून म्हातारीही गेली. उरलेल्यांनी पालं उचलली आणि खोरं सोडलं. कुठे गेले, ते कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी पाटील मेला. बातमी कळताच थोरली काडी, कापूस आणि पाण्याची वाटी घेऊन त्या गावी गेली. फळीवर हार होते, शेंदूर होता, पुढे समई होती. तिने कापूस ओला केला, तेवढ्यात पुजाऱ्याने तिचा हात धरला.

“हे काय करताय?”

“हा फेटा मी रंगवलाय. हे खोटं आहे. खाली जोडवी आहेत, मला पुसू द्या.”

गाव गोळा झालं. एक म्हातारा समजुतीने म्हणाला, “थोरल्या बाई, वय झालं तुमचं. सांधणघर स्वतःचं काही घालत नाही, हे उभ्या खोऱ्याला ठाऊक आहे. तुमच्याकडनं आलंय म्हणूनच तर आम्ही मानतो!”

ती ओरडून सांगत राहिली. लोक हसले, मग चिडले. कुणीतरी वाटी लाथाडली. तिला वेशीबाहेर आणून सोडलं.

ती पायी परत आली. सांधणघराच्या ओसरीवर तीन गावांच्या पाटलांनी पाठवलेल्या तीन फळ्या ठेवलेल्या होत्या. सोबत निरोप होता, ‘त्यांना केलं तसं आम्हालाही करून द्या.’ तिन्ही फळ्यांवरचे चेहरे नाहीसे झाले होते. थोरलीने त्या उजेडात नेऊन तिरप्या धरून पाहिल्या. वाळवीचं एकही छिद्र नव्हतं. चेहरे ताजे, चाकूने खरवडलेले होते.

तात्पर्य: पुसता येईल या भरवशावर खोटं रंगवू नये, रंग पुसला जातो, पण त्यावर बसलेला लोकांचा विश्वास पुसला जात नाही.