घाण्याचा चोथा

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

एका डोंगरावर एक गाव होते आणि डोंगरभर जैतुनाची झाडे होती. जैतुनाचे फळ नुसते खाल्ले तर कडूजहर, पण घाण्यात घातले की पिवळेधमक तेल निघे. थंडी पडली की घाणे सुरू होत आणि गावाला दुसरे काही सुचत नसे.

तेल निघाल्यावर मागे उरे काळा, ओला चोथा. त्याचे करायचे काय? गावाने सोपी वाट काढली होती. शेवटच्या घाणीच्या, म्हणजे हंगामातले शेवटचे तेल काढण्याच्या, दिवशी सगळा चोथा ओढ्याकाठी आणायचा, त्याला हळदकुंकू वाहायचे, ताशा वाजवायचा आणि "इडा पीडा घेऊन जा" म्हणत ओढ्यात लोटायचा. चोथा गावात राहिला तर पीडाही राहते, असे सगळे मानत. मग लोक हात धुऊन आनंदाने जेवायला जात. पीडा कुठे गेली, हे कुणी विचारत नसे.

ती खालच्या गावात जाई. तिथे ओढ्याचे पाणी काळे पडे, मासे उलटे तरंगत, पाणी प्यालेली गुरे आजारी पडत. खालचे लोक दरवर्षी वर येऊन भांडत. वरचे लोक म्हणत, पीडाच ती, तिला आम्ही काय करणार?

एका वर्षी पावसाने दडी मारली. वरच्या गावात गवताची काडी उरली नाही. जे काही गवत होते ते खालच्या गावाच्या कुरणात. तेव्हा खालच्या गावाचा म्हातारा गुराखी येसू वर आला आणि पारापाशी उभ्याउभ्याच बोलला.

"यंदा पाणी काळं झालं, तर तुमचं एक जनावर कुरणात शिरू देणार नाही. पाणी चांगलं राहिलं, तर खुशाल चारा."

गाव घाबरले. घाणे सुरू झाले तसा चोथ्याचा ढीग ओढ्याकाठी साचू लागला, पण यंदा तो लोटायला कुणी धजेना. त्याला वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या. पाटलांना कुणीतरी सांगितले की चोथ्याचे खत होते. पाटील मोठे घाईचे गृहस्थ. त्यांनी घाण्यावरचा ओला चोथा तसाच कांद्याच्या वाफ्यात ओतला आणि सगळी रोपे करपली. त्यातच त्यांची गाय भुकेने बसली. झाले, सगळे म्हणू लागले की पीडा गावात ठाण मांडून बसली आहे. चोथा लोटून द्यायचा, कुरणाचे मागाहून बघू, असे ठरले.

गावात सारजा नावाची तेलीण होती. एकटी बाई, तिचा एकच बैल पवळ्या, आणि तोच तिचा घाणा ओढी. त्याच्या बरगड्या आता लांबून मोजता येत होत्या. सारजा रोज त्याच्याकडे बघे आणि तिला घास गिळवत नसे. कुरण बंद झाले तर पवळ्या जगणार नाही, हे तिला कळत होते.

तिने दोन गोष्टी पाहिल्या होत्या. गोठ्यामागे सांडलेला गेल्या सालचा चोथा शेणापाल्यात कुजला होता, आणि तिथला भोपळ्याचा वेल छपरावर चढला होता. शेळ्या ओल्या चोथ्याला तोंड लावत नसत, पण अंगणात उन्हाने वाळलेला चाटूनपुसून खात. तिने पाटलांना चोथा कुजेपर्यंत थांबायला सांगितले होते. ते थांबले नाहीत.

शेवटच्या घाणीचा दिवस उजाडला. ताशा वाजू लागला. माणसे फावडी घेऊन ढिगाभोवती जमली. खाली ओढ्याच्या वळणावर येसू आणि त्याची माणसे काठ्या घेऊन उभी होती. फावडे चालले असते तर काठीही चालली असती.

तेवढ्यात सारजा पवळ्याला घेऊन आली आणि ढीग आणि पाणी यांच्या मधे उभी राहिली. तिच्या हातात पाटी होती.

"एवढा एक दिवस थांबा," ती म्हणाली. "हा चोथा मी वाळवलाय, चाळून बिया काढल्यात, भुशात कालवलाय. हा पवळ्याला घालते. त्याला काही झालं, तर पहिलं फावडं मीच मारीन."

पाटील म्हणाले, "बैल गेला तर तुझा घाणा कोण ओढील?"

"मी ओढीन."

ताशा थांबला. सारजाने पाटी पुढे केली. पवळ्याने वास घेतला आणि मान फिरवली. तिने मूठभर चोथा तळहातावर घेतला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्याने आधी तो चाटला, मग खाल्ला, मग पाटीत तोंड घातले.

लोक बसून राहिले. कुणी घरी गेले नाही. दुपार टळली, सावल्या लांबल्या. आणि मग पवळ्याचे गुडघे वाकले आणि तो मातीत बसला.

"पडला बैल," कुणीतरी म्हणाले. माणसे उठली. पाटलांनी फावडे उचलले. आपल्याच हाताने आपण त्याला मारले, असे वाटून सारजा बैलाशेजारी मटकन खाली बसली.

येसू ओढा ओलांडून वर आला. त्याला कुणी अडवले नाही. तो पवळ्यापुढे उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ त्याच्या जबड्याकडे बघत राहिला.

"फावडं खाली ठेवा, पाटील," तो म्हणाला. "जनावर रवंथ करतंय. दुखणाईत बैल रवंथ करत नाही. पोट भरलं म्हणून बसलाय तो."

मग तो रवंथाचा आवाज सर्वांनाच ऐकू आला. सारजा पवळ्याच्या मानेत तोंड खुपसून रडली.

त्या साली ओढा काळा झाला नाही. गुरांना कुरण मिळाले, आणि वर भुशात कालवलेला चोथाही मिळाला. उरलेला चोथा शेणापाल्याबरोबर खड्ड्यात गेला आणि पुरता कुजल्यावरच शेतात पडला. पाटील तर पुढे मूठभर खत नाकाशी धरून खात्री केल्याशिवाय वाफ्यात टाकीनात. शेवटच्या घाणीला हळदकुंकू अजूनही वाहतात, फक्त ओढ्याऐवजी खड्ड्याच्या काठावर. त्या दिवशी खालच्या गावालाही जेवायचे आवतण असते.

तात्पर्य: पीडा म्हणून जे आपण दुसऱ्याच्या दारात लोटतो, तेच थांबून, पारखून वापरले तर आपल्याच घरची बरकत होते.